वायरमन नागवेकरांचं आभाळ

महिपत नागवेकर कधी शांतपणे बोलले असतील, असं आमच्या आळीत कुणालाच आठवत नाही. सकाळी दूधवाल्याला ते दारातून "आलास?" असं विचारत, तेव्हा पलीकडच्या गल्लीतला एखादा भला माणूस दचकून "हो, आलो आलो" म्हणून ओ द्यायचा. कुणाची प्रकृती कफाची असते, कुणाची वाताची. नागवेकरांची रागाची होती. राग आला नाही तर त्यांना जेवण पचत नसे, आणि रत्नागिरीत राहून अपचनाची पाळी त्यांच्यावर फारशी कधी आली नाही.

ते लाइट ऑफिसात वायरमन होते. एकतीस वर्षं. आपल्याकडे वायरमनचं आयुष्य म्हणजे काय असतं, ते ज्याच्या घरी माडाचं चुडत तारेवर पडलंय त्याला विचारू नये, कारण तो वायरमनलाच शिव्या घालत असतो. माड लावला तुझ्या आजोबांनी, चुडत पाडलं वाऱ्यानं, आणि गुन्हेगार नागवेकर. ते खांबावर चढले की खाली सात-आठ माणसं जमत आणि वर तोंड करून एकच प्रश्न विचारीत, "लाइट कधी येणार?"

"तू वर ये," नागवेकर वरून ओरडत, "मी खाली येतो. मग मी तुला विचारतो."

पण खांबावर त्यांना लागणारा वेळ संशय यावा इतका जास्त असे. पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं. लोकांना वाटे, माणूस कामचुकार आहे. खरी गोष्ट अशी की गावाने त्यांना तारा बघायला वर पाठवलेलं असे आणि ते तारांच्या पलीकडे बघत उभे असत. खाली उतरले की कुणाशी न बोलता सायकल मारत घरी जात आणि माजघरात फतकल मारून रंग कालवायला बसत.

रंग म्हणजे रांगोळीचे. नागवेकर रांगोळी काढत, आणि रांगोळीत फक्त आभाळ काढत. बाजारातले पुड्यांमधले रंग त्यांना नुसते चालत नसत. गावातल्या काळ्या समुद्रावरची काळी रेती, पांढऱ्या समुद्रावरची पांढरी, सड्याच्या कातळावरच्या जांभ्या दगडाची वस्त्रगाळ माती, भाताच्या तुसाची राख, वाळवून कुटलेली कसली कसली पानं. यात चिमूट चिमूट पुडीतला रंग मिसळून, वर बघितलेला रंग जसाच्या तसा जमला की तो होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत भरायचा आणि वर चिठ्ठी चिकटवायची: "१४ जाने. ९८, मिऱ्या, सकाळी पावणेसात." अशा तीनशेवर बाटल्या त्यांच्या कपाटात होत्या. आळीतल्या होमिओपॅथी डॉक्टरांकडून त्या येत. डॉक्टरांचं म्हणणं, त्यांच्या औषधाचा एवढा उपयोग दुसऱ्या कुणाला झाला नाही.

त्यांची बायको विमला ही त्या घरातली एकमेव व्यक्ती, जी नागवेकरांना भीत नसे. "हळद संपल्ये," ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "आमटीत घालू काय थोडं आभाळ?"

"हात तर लाव बाटलीला."

"लावत्ये कशाला. पुसायला तेवढा माझा हात चालतो, नाय?"

नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराला त्यांना बढती आली होती, पोफळीच्या वीजकेंद्रात. आम्ही सगळे पेढे खायला टपून बसलो होतो. नागवेकर गेले, दोन दिवस राहिले आणि वळकटी घेऊन परत आले. "दोन बाजूंना डोंगर," ते आळीच्या तोंडाशीच गरजले, "मधे धोतराच्या काठाएवढं आभाळ. त्यात मी काय बघू? माझं कपाळ?" साहेबांनी बढती नाकारण्याचं कारण लेखी मागितलं. नागवेकरांनी लिहून दिलं, "जागा अपुरी." साहेबांना वाटलं क्वार्टरबद्दल असेल.

दरवर्षी दिवाळीत आमचं मंडळ रांगोळी प्रदर्शन भरवायचं. मंडळाचा हॉल होता, लांबट, कौलारू, मध्यभागी एक भलामोठा पंखा. त्या पंख्याचा रेग्युलेटर बिघडलेला होता. तो चालला तर पाचावर, नाही तर बंद. मंडळाचे अध्यक्ष सलिल लिमये, बँकेत ऑफिसर. स्वभावाने इतका गोड, की त्याच्याशी पाच मिनिटं बोललं तर पाणी प्यावंसं वाटे. "काका, आपण बघू," हे त्याचं उत्तर. हो असलं तरी तेच आणि नाही असलं तरी तेच.

हॉलच्या मध्यभागी कायम चेहरा असायचा. नेते, देव, नट, संत. ते काढायचा यज्ञेश सुर्वे, चांगला पोरगा, हात असा की चेहऱ्यावरचा घामसुद्धा ओला वाटावा. नागवेकरांना नऊ वर्षं जागा मिळाली ती बाथरूमच्या दाराजवळच्या कोपऱ्यात. लोक यज्ञेशच्या चेहऱ्यापुढे अर्धा तास उभे राहत, मग बाथरूमला जाताना वाटेत आभाळ ओलांडत. एका वर्षी एका बाईंनी ओलांडताना मुलाला सांगितलं, "बाजूनं चल रे, इथं अजून काढायची आहे." नागवेकर तिथेच बसले होते. त्या बाई पुढे प्रदर्शनाला कधी आल्या नाहीत.

"लोकांना चेहरा लागतो काका," सलिल समजूत काढायचा. "आभाळ काय, बाहेर आहेच."

"बाहेर आहे, पण बघतो कोण? तू बघितलंस? शेवटचं कधी बघितलंस ते सांग, तारीख सांग."

त्यावरही सलिल आपण बघू म्हणाला.

मग आलं २००१ साल. नागवेकर पुढच्या मार्चात निवृत्त होणार होते. त्याहून वाईट म्हणजे त्यांचे गुडघे आधीच निवृत्त झाले होते. एकतीस वर्षं खांब चढलेले गुडघे. मुंबईहून येणाऱ्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून सांगितलं की उकिडवं बसणं बंद. ह्या दिवाळीला एकदा काय ते करून घ्या, पुढे जमिनीवर बसलात तर उचलायला चार माणसं लागतील. नागवेकर डॉक्टरवर ओरडले, फी दिली आणि तिथून तडक सलिलच्या घरी गेले.

"ह्या वर्षी मधली जागा माझी. शेवटची आहे."

सलिल म्हणाला, आपण बघू. पण यज्ञेशनेच पुढे होऊन सांगितलं, "काकांना द्या. मी कोपरा घेतो." यज्ञेशला नागवेकरांनी त्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा एक बाटली भेट दिली, आणि सोबत "हा रंग चेहऱ्याला वापरलास तर याद राख" असा आशीर्वाद.

आभाळ कुठलं काढायचं ते त्यांचं ठरलेलं होतं. बाटलीवर चिठ्ठी होती: "२७ ऑक्टो. २०००, भाट्याचा पूल, सहा वाजून वीस मि." दहा फूट बाय आठ फूट. सूर्य नुकताच बुडलेला. खाली पाण्याच्या रेषेशी रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीचा लाल, त्यावर तो विरत विरत राखेसारखा होत गेलेला, मधे एक बोटभर हिरवी रेघ, आणि वर काळोख यायच्या आधीचा तो रंग, ज्याला मराठीत नाव नाही. नागवेकरांकडे त्या रंगाच्या चार बाटल्या होत्या.

तीन दिवस ते काम चाललं. दोन विटांच्या थप्प्यांवर आडवी फळी टाकून ते तिच्यावर पालथे पडत, हातात मलमलीचा तुकडा, त्यातून रंग खाली झिरपवत. फळी सरकवायची झाली की दोघांनी त्यांना उचलायचं आणि शिव्या खायच्या. खिडक्या वारा येऊ नये म्हणून बंद, त्यांवर काळे कपडे, आणि पंखा अर्थातच बंद. नोव्हेंबर असला तरी हॉलमध्ये आंबा पिकेल असा उकाडा. कार्यकर्ते शर्ट पिळत होते. दाराशेजारच्या बटणांच्या फळीवर नागवेकरांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: "पंखा लावणाऱ्यास खांबावर नेऊन तारेस बांधण्यात येईल. म. नागवेकर, वायरमन." खालची बटणं चिकटपट्टीने बंद केलेली.

सलिल रोज डोकावून जायचा.

"काका, सूर्य दिसत नाही?"

"गेला."

"मग दोन पक्षी तरी टाकायचेत. जरा हालचाल वाटते."

"त्या दिवशी आले नाहीत. मी काय बोलावणं पाठवू?"

"आणि ही हिरवी रेघ? आभाळात हिरवा कुठे असतो?"

"तुला कसं कळणार? सहा वाजून वीस मिनिटांनी तू बँकेत मान खाली घालून बसलेला असतोस," नागवेकर फळीवरून न उठता म्हणाले. "जा. तुझा घाम पडेल चित्रावर."

मी ते चित्र पूर्ण झालेलं पाहिलं आहे. पाहिलेली माणसं मोजकीच, आम्ही दहा-बारा जण. मला चित्रातलं काही कळत नाही. एवढंच सांगतो की मी हॉलमधून बाहेर आलो आणि वर बघितलं. दिवस मावळायला वेळ होता तरी बघितलं. चाळीस-बेचाळीस वर्षं ह्या गावात काढून आपण मान वर केली नाही, याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

उद्घाटन संध्याकाळी पाचला. प्रमुख पाहुणे परशुरामशेठ, मूळचे नाटे गावचे, मुंबईत बिल्डर. ते साडेतीनलाच येऊन बसले, कारण त्यांना पुढे दुसरं उद्घाटन होतं. पाहुणे आले म्हटल्यावर सलिलची नजर त्या पाटीवर गेली. पाहुण्यांना तारेला बांधण्याची भाषा बरी दिसत नाही, म्हणून त्याने पाटी काढली. पाटी काढल्यावर चिकटपट्टीचे लोंबते तुकडे वाईट दिसायला लागले, म्हणून तेही काढले. मंडळाच्या बाकी सर्व कामांना आठ-आठ महिने लागतात. हे काम दीड मिनिटात झालं.

आणि चार वाजता लाइट गेली.

काळे कपडे लावलेल्या हॉलमध्ये मिट्ट काळोख. सलिल बाहेर पायरीवर बसलेल्या नागवेकरांकडे धावला.

"काका, लाइट."

"मी रजेवर आहे."

"ड्युटीवरचा शिरगावला गेलाय म्हणतात. दोन तास लागतील."

"लागू देत."

"काका, तुमचंच चित्र काळोखात आहे. शेठ साडेपाचला निघणार."

इथे नागवेकर अडकले. तोंडाने सलिलच्या मागच्या तीन पिढ्यांचा उद्धार करत ते उठले, कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसले आणि ट्रान्सफॉर्मरकडे गेले. चुडतच पडलं होतं. बांबूने ते काढलं, फ्यूज घातला. वीस मिनिटं लागली. ह्या वेळी आभाळ बघायला लागली नव्हती, गुडघ्यांना लागली होती.

त्या वीस मिनिटांत हॉलमध्ये जे झालं, ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी होतं. लाइट गेली की आपण बटणाशी जातो आणि ते खालीवर करून बघतो. सगळ्या आळीची गेलेली आहे हे दिसत असतं, तरी बघतो. मग दुसरं बघतो. आपण बघून झालं की दुसरा येऊन बघतो, कारण आपण बघितलेलं त्याला पटत नाही. कार्यकर्त्यांनी बघितलं. शेठच्या ड्रायव्हरने बघितलं. मी शपथेवर सांगू शकत नाही, पण बहुधा सलिलनेही बघितलं. कुठलं बटण वर, कुठलं खाली, याचा हिशेब त्या काळोखात कुणाकडे असणार?

ट्रान्सफॉर्मरपाशी नागवेकरांना आळीतून "आली" असा ओरडा ऐकू आला. स्कूटरवाला सांगतो, ते ऐकून म्हातारा हसला. वीज आल्यावर लोकांनी केलेला आनंद त्यांना तेवढा एक आवडायचा.

हॉलमध्ये पंखा पाचावर सुरू झाला. दोन-तीन क्षण कुणाला कळलंच नाही काय होतंय. नंतर बटणाकडे एकदम सात जण धावले आणि दारातच एकमेकांवर आदळले. पंखा बंद होईपर्यंत मधल्या जागेतलं आभाळ भिंतीवर, काळ्या कपड्यांवर, शेठच्या सफारीवर आणि कोपऱ्यातल्या यज्ञेशच्या चेहऱ्यावर जाऊन बसलं होतं. जमिनीवर उरला होता एक गोल, भोवऱ्यासारखा, सगळे रंग एकमेकांत घुसलेले.

नागवेकर दारात आले. सलिल त्यांच्यापुढे हात जोडून उभा राहिला. तेवढ्यात शेठ दोनदा शिंकले, रुमालाने डोळे पुसले, खाली वाकून नीट बघितलं आणि म्हणाले, "वा. काहीतरी वेगळं आहे. मॉडर्न आर्ट ना? आमच्या टॉवरच्या लॉबीत असंच आहे एक."

सलिलचा जीव भांड्यात पडला. तो पडायला नको होता. "हो शेठ," तो म्हणाला, "आमच्या नागवेकरकाकांचं. ह्या वर्षी पहिलं बक्षीस आपण काकांनाच..."

"कुणाला?"

हॉलच्या कौलांवरचं कबुतर उडालं.

"हे मी नाय काढलेलं. हे पंख्याने काढलंय. बक्षीस पंख्याला दे. हार घाल त्याला, शाल गुंडाळ, चार शब्द बोलायला सांग. आणि तुम्ही शेठ, तुमच्या लॉबीत लावायचा तर हा पंखा घेऊन जा. एका फेरीत एक चित्र. मला तीन दिवस लागतात, मी परवडायचा नाय."

"काका, आपण बघू," सलिल पुटपुटला.

"काय बघू? बघायला काय ठेवलंस?" नागवेकर म्हणाले आणि इकडे तिकडे बघून त्यांनी कोपऱ्यातली केरसुणी उचलली. आम्ही थांबवायला गेलो. सलिल म्हणाला, असू दे काका, लोकांना काय कळणार आहे, चार दिवस राहू दे तसंच. हे तो अगदी मनापासून, चांगल्या भावनेने बोलला, आणि ह्याचाच मला सगळ्यांत जास्त संताप येतो. नागवेकरांनी सगळं लोटून काढलं. कोपरान्‌कोपरा. वाकता येत नव्हतं म्हणून उभ्यानेच, एका हाताने भिंत धरत. सगळ्या रंगांची मिळून एक करडी रास झाली. ती सुपात भरून त्यांनी मागच्या दाराने माडाच्या आळ्यात टाकली.

शेठनी फीत कापली आणि गेले.

रिकामी जागा वाईट दिसते, म्हणून सलिलने तिथे पामची कुंडी आणवली. नागवेकरांनी ती स्वतः ढकलत बाहेर नेली. "ही जागा चार दिवस माझी आहे," ते म्हणाले, खुर्ची ओढून त्या दहा बाय आठच्या कडेला बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोक यायला लागले.

"इथे काय होतं?" पहिल्याच माणसाने विचारलं.

"आभाळ होतं. पाय मागे घ्या. तुम्ही समुद्रात उभे आहात." माणूस मागे झाला. "आता खाली बघा. तुमच्या त्या चपलेपासून लाल सुरू होतो. लाल म्हणजे तुमच्या शर्टासारखा भडक नाय. रातांबा फोडला की साल आतून असते, तसा. बघितलाय रातांबा? नाय? मग मुंबईचे का तुम्ही?"

आणि तो माणूस ऐकत राहिला. नागवेकर काठीने जमीन दाखवत एकेक रंग त्याच्या अंगावर फेकत होते. हिरवी रेघ कुठून कुठे गेली, तिच्यावरचा तो बिननावाचा रंग कसा उतरत आला, मधे एक ढग कसा, वर जाड आणि खाली फाटलेला. मग पंखा. मग पाटी कुणी काढली. ते ऐकताना सलिल बाहेर जाऊन उभा राहायचा. संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या चौकोनाभोवती यज्ञेशच्या चेहऱ्यापेक्षा जास्त माणसं होती. पोरं काठावर उकिडवी बसून "आता कुठला?" विचारत होती, आणि नागवेकर दर अर्ध्या तासाने तेच आभाळ पहिल्यापासून, तेवढ्याच रागाने काढत होते. कुणी मधे पाय टाकला तर त्याला शंभर माणसं ओरडत होती.

तिसऱ्या दिवशी विमला आली. नऊ वर्षांत ती प्रदर्शनाला एकदाही आली नव्हती. घरात आहे ते पुरे आहे, असं तिचं म्हणणं. पण दोन दिवस नवरा जेवायला आला नाही, तेव्हा डबा घेऊन आली आणि गर्दीच्या मागे उभी राहिली. नागवेकरांचं ढगाचं चाललं होतं.

"एकच ढग. इथे. बाकी सगळं मोकळं."

"दोन होते," मागून आवाज आला.

नागवेकरांची काठी थांबली. "कोण आहे?"

"मी आहे. दोन होते ढग. एक तुमचा तो फाटका, आणि एक किल्ल्याच्या बाजूला, लहानसा."

"तुला काय माहीत गो?"

"मला काय माहीत?" विमला गर्दीतून पुढे आली. "पुलावर ती मागून आणलेली स्कूटर थांबवलीत. मी मागे बसलेली. मांडीवर बांगडे भरलेली पिशवी, तिचं पाणी साडीवर गळतंय, आणि तुमचं आपलं थांब, थांब. अर्धा तास. मग मी दुसरीकडे कुठे बघणार होत्ये? दोन होते."

"किल्ल्यावर होता तो धूर होता."

"धूर कसला? धूर हलतो. हा हलत नव्हता."

"एकच होता."

"मग काढलंत ते चुकीचं काढलंत," विमलाने डबा खुर्चीवर ठेवला, पदर खोचला, आणि चौकोनाच्या कडेने फिरून वरच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली. "इथे. एवढासा. खालून गुलाबी."

"गुलाबी?" नागवेकर खुर्चीचे हात धरून उठले. "सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटांनी गुलाबी? अगो डोळे होते का काय होतं? गुलाबी सव्वासहाला संपला. तिथे असलाच ढग, तर तो जांभळा असणार."

"म्हणजे होता."

"असला तर म्हटलं मी."

"खालून गुलाबी होता," विमला म्हणाली, "आणि मी बघितलाय."

भोवतालची माणसं मान एकदा इकडे, एकदा तिकडे करत होती. एक मास्तर म्हणाले, बाई म्हणतात त्यात तथ्य असावं. दुसऱ्या एकाने जांभळ्याची बाजू घेतली. ह्या दोघांपैकी कुणीही त्या संध्याकाळी भाट्याच्या पुलावर नव्हतं.